रुमॅटॉइड संधिवातात कोपराचा सांधा बदलून घेताना

रुमॅटॉइड संधिवाताने (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते त्या आजाराने) झिजलेल्या कोपरात कृत्रिम सांधा बसवल्यावर बहुतेक रुग्णांच्या वेदना बऱ्याच कमी होतात आणि हात पुन्हा तोंडापर्यंत व केसांपर्यंत पोहोचू लागतो. कोपर पूर्ण सरळ मात्र सहसा होत नाही. पण रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांमधील हालचाल (पूर्ण सरळ कोपर म्हणजे शून्य अंश) पुरते. गुडघा किंवा खुब्याच्या तुलनेत येथे गुंतागुंतीचे प्रमाण जास्त असते, हे समजून घेऊनच निर्णय घ्यावा.

तयारी औषधांपासून करावी. संधिवात आटोक्यात ठेवणारे मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात. बायोलॉजिक औषधाचा (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणाऱ्या औषधाचा) पुढचा डोस जेव्हा द्यायचा असतो त्या सुमारास शस्त्रक्रिया ठरवून, जखम भरल्यावरच ते पुन्हा सुरू करतात. स्टेरॉइड मात्र रुग्णाने स्वतःहून कधीही बंद करू नये. या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून भूल देण्यापूर्वी मानेची तपासणी करून घ्यावी. गुडघ्याची शस्त्रक्रियाही करायची असेल, तर बहुधा ती आधी करावी, कारण कुबड्यांचा भार नव्या कोपरावर पडणे योग्य नाही.

सर्वांत जास्त धास्ती जंतुसंसर्गाची. कोपराच्या मागे त्वचा पातळ असते, खाली स्नायूंचे आवरण जवळजवळ नसते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतात. त्या औषधांमुळे ताप न येताही संसर्ग वाढू शकतो, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये: जखमेतून सतत पाणी झिरपणे, लाली पसरणे किंवा कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे. स्वतःच्या मनाने प्रतिजैविक घेऊ नये. त्याने तपासणीत जंतू सापडेनासे होतात.

करंगळी व अनामिकेतील मुंग्या अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूने बोटांकडे जाणारी नस) दुखावल्याचे लक्षण असते. त्या बहुतेकदा ओसरतात, पण बोटांची ताकद कमी होत असेल तर वाट पाहू नये. शस्त्रक्रियेत ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा दंडामागचा) स्नायू हाडापासून सोडवला असल्यास सुमारे सहा आठवडे कोपराने जोर लावून ढकलणे टाळावे. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेण्याची सवय येथे फार महागात पडते.

दहा वर्षांनंतर साधारणपणे दहापैकी आठ ते नऊ सांधे जागेवर टिकलेले आढळतात. उरलेल्यांपैकी अनेक हाडातली पकड सैल झाल्यामुळे बदलावे लागतात, आणि ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. म्हणून वजनाची मर्यादा आयुष्यभर पाळावी: एका वेळी सुमारे पाच किलोपेक्षा जास्त नाही आणि वारंवार उचलायचे असेल तर एक किलोच्या आसपास. काही त्रास नसला तरी शल्यचिकित्सकाने ठरवून दिलेल्या अंतराने एक्स-रे काढावा, कारण सांधा सैल होऊ लागल्याची खूण दुखण्याच्या आधी त्यात दिसू शकते.