‘लीड’ हे क्रियापद वापरताना या चुका टाळा

ठाण्यातील तरुणांचे नोकरीचे इंग्रजी अर्ज मी अनेक वर्षे तपासत आले आहे आणि त्यांत सर्वांत जास्त लाल खुणा मला ‘लीड’ या एका क्रियापदाभोवती कराव्या लागल्या आहेत. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत ‘टीम लीड’ हे पद रोज कानावर पडते, त्यामुळे शब्द आपल्याला येतो असे गृहीत धरले जाते आणि लिहिल्यावर तो पुन्हा पाहिला जात नाही.

सर्वांत मोठी चूक भूतकाळाची आहे. ‘लीड’चे भूतकाळी रूप ‘लेड’ असे होते आणि त्याचे स्पेलिंग एल-ई-डी एवढेच आहे. ‘वॉज लेड बाय’ अशा कर्मणी रचनेतही तेच रूप येते. तरीही ‘मी आठ जणांच्या गटाचे नेतृत्व केले’ हे इंग्रजीत लिहिताना मध्ये ‘ए’ हमखास घुसतो. याला दोन कारणे आहेत. ‘रीड’ या क्रियापदाचा भूतकाळी उच्चार ‘रेड’ होतो, पण स्पेलिंग बदलत नाही, आणि हात त्याच सवयीने चालतो. दुसरे असे, की शिसे या धातूला इंग्रजीत ‘लेड’ म्हणतात आणि त्याचे स्पेलिंग मात्र एल-ई-ए-डी आहे. हे दोन्ही शब्द मुळात वेगळे आहेत, केवळ कानाला सारखे लागतात. एल-ई-ए-डी हाही शुद्धच शब्द असल्यामुळे संगणकाचा स्पेलिंग-तपासनीस त्याखाली बहुधा लाल रेघ ओढत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. अर्ज पूर्ण झाल्यावर ही चार अक्षरे शोधावीत आणि ती जिथे सापडतील तिथे वाक्य भूतकाळाचे आहे का, हे स्वतः पाहावे. घरातल्या एलईडी दिव्याची तीन अक्षरे तीच भूतकाळाची, ही खूण माझ्या विद्यार्थ्यांना चांगली लक्षात राहते. ‘मिसलीड’चे रूपही याच नियमाने ‘मिसलेड’ होते.

दुसरी चूक आपल्या ‘नेणे’ या क्रियापदातून येते. नेता, नायक आणि नेतृत्व हे शब्द ज्या संस्कृत धातूचे, त्याच धातूपासून ‘नेणे’ही आले आहे, त्यामुळे ‘नेणे’ म्हणजे ‘लीड’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मराठीत आपण मुलाला शाळेत नेतो, डबा कार्यालयात नेतो आणि आजोबांना दवाखान्यातही नेतो. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘टेक’ हवे. ‘लीड’मध्ये एक जण पुढे असतो आणि दुसरा त्याच्यामागून स्वतःच्या पायांनी चालतो. दाव्याला धरून बैल नेला तर ‘लेड’ योग्य आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीचे चौदा डबे तीन इंजिनांनी आणले, ती इंजिने पुढे होती खरी, पण तेथे क्रियापद ‘पुल्ड’ हवे, कारण डबे ओढले गेले होते.

रस्त्यांच्या बाबतीत चूक काळाची होते. ‘पाम बीच मार्ग बेलापूरला जातो’ हे सांगताना अनेक जण ‘इज लीडिंग टू बेलापूर’ असे लिहितात. रस्त्याची दिशा ही कायमची स्थिती आहे, म्हणून ‘लीड्स टू’ हा साधा वर्तमानकाळच वापरावा.

‘टू’ या शब्दाकडे मात्र अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण त्याने अर्थच उलटतो. ‘गटाला मार्गदर्शन केले’ यातील ‘ला’ मनात असल्यामुळे ‘लेड टू द टीम’ लिहिले जाते. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘त्यातून गट निर्माण झाला’ असा काहीसा लागतो. माणसांचे नेतृत्व केले असेल तर ‘लेड द टीम’, आणि एका गोष्टीतून दुसरी उद्भवली असेल तरच ‘लेड टू’. या दुसऱ्या अर्थाने ‘टू’नंतर नाम किंवा ‘आयएनजी’ रूप येते: ‘लेड टू लूजिंग द ऑर्डर’ बरोबर, ‘लेड टू लूज’ चूक. ‘पावसामुळे गाड्या उशिरा धावल्या’ यातील ‘मुळे’ आधी भाषांतरित करून ‘ड्यू टू हेवी रेन लेड टू डिले’ असे लिहिणारेही खूप आहेत. अशा वाक्यात ‘लेड’ला कर्ताच उरत नाही. ‘हेवी रेन लेड टू डिलेज’ एवढे पुरे.

‘लीड समवन ऑन’ म्हणजे खोटी आशा लावणे, पुढे नेणे नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. नाम म्हणूनही शब्द फिरतो: विक्री विभागात ‘लीड’ म्हणजे संभाव्य ग्राहक, क्रिकेटमध्ये आघाडी, तर ईसीजीच्या अहवालात १२ ‘लीड’ म्हणजे हृदयाच्या विद्युतक्रियेची १२ बाजूंनी केलेली नोंद, जिच्यासाठी शरीरावर १०च इलेक्ट्रोड लावतात.

एक चूक व्याकरणाची नाही, पण ती मला सर्वांत जास्त सलते. प्रत्येक कामापुढे ‘लेड’ लिहिलेले असते आणि मुलाखतीत ‘किती जणांचे, किती काळ’ असे विचारताच उमेदवार गप्प होतो. निर्णय आपल्या हातात नव्हते, पण माणसांची आणि कामांची जुळणी आपण केली, असे असेल तर ‘कोऑर्डिनेटेड’ लिहावे. मदत केली असेल तर ‘असिस्टेड’. ज्या कामात लोक खरोखर आपल्यामागून चालले, त्या एकाच ओळीत ‘लेड’ ठेवावे आणि त्याच ओळीत माणसांचा आकडाही द्यावा.