नवा घडीचा चाकू: पारखावा, वापरावा आणि मग सोबत्यांना दाखवावा

घडीचा चाकू नव्याने हाती आला की त्याच संध्याकाळी त्याचे छायाचित्र काढून सोबत्यांना पाठवण्याचा मोह होतो. मोह स्वाभाविक आहे, पण दुकानाच्या काचेआड जे दिसते त्याहून अधिक त्या छायाचित्रात काहीच नसते. पाते मुठीत कसे बसते, धार किती दिवस टिकते, मुंबईच्या दमट हवेत पोलाद कसे वागते, हे सांगायचे तर चाकू किमान पंधरा दिवस वापरलेला हवा. म्हणून या लेखात खरेदीपासून सुरुवात करून, चाकू पारखणे, वापरणे, मोजणे आणि शेवटी तो इतर हौशी मंडळींसमोर मांडणे, हा सगळा क्रम दिला आहे. विळी आणि अडकित्त्याच्या संगतीत वाढलेल्या आपल्या घरांत धारदार वस्तूची कदर मुळातच आहे. खंडेनवमीला घरातल्या विळी-कोयत्याशेजारी आपला छोटा चाकूही पूजेला मांडणारी माणसे मी पाहिली आहेत. हा लेख त्यांच्यासारख्यांसाठी आहे.

कायद्याची बाजू आधी

केंद्राच्या शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसतील तर, शस्त्रांत मोडतात. घडीच्या चाकूचे पाते सहसा ६ ते ९ सेंटिमीटरच असते, त्यामुळे तो या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो. मात्र एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकूसारखी वस्तू बाळगण्यास बंदी असते. म्हणून नावाला खिशातला असला तरी या शहरात चाकू रोज खिशात घालून लोकलमध्ये चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेकला किंवा कोणाच्या घरी न्यायचा असेल तर मनाई आदेश लागू नाही ना, हे पाहावे आणि चाकू डब्यात घालून पिशवीच्या तळाशी ठेवावा. मेट्रोच्या स्थानकांवर सामानाची तपासणी होते, तिथे तो नेऊच नये. विमानप्रवासात तो हातातल्या सामानात चालत नाही. चेक-इनच्या बॅगेतच ठेवावा लागतो. कळ दाबताच पाते बाहेर उसळणारे, रामपुरी घाटाचे चाकू हौस म्हणूनही घेऊ नयेत. कामाच्या दृष्टीने त्यांचा काही उपयोग नसतो आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका मात्र निर्माण होते.

दुकानात पारखताना

पहिलाच चाकू असेल तर दोन घराण्यांपैकी एक निवडावे, असे मी सुचवतो. पहिले स्विस. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये इबाख येथे सुरू केलेल्या कारखान्यातून १२ जून १८९७ रोजी नोंदवलेला बहुपात्यांचा चाकू पुढे आला. त्याच कारखान्याचे नाव आज व्हिक्टोरिनॉक्स आहे. मिटलेल्या अवस्थेतील लांबीवरून त्यांचे गट पडतात: किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा ५८ मिलिमीटरचा, हाताला भरीव वाटणारा ९१ मिलिमीटरचा, आणि अॅल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा ९३ मिलिमीटरचा. दुसरे घराणे फ्रेंच. सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेला लाकडी मुठीचा साधा चाकू आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. पाते उघडे असताना बोटांवर मिटू नये म्हणून त्याच्या गळ्याशी फिरणारे धातूचे कडे बसवलेले असते. ही सोय १९५५ पासूनची. त्याचा आठ क्रमांकाचा चाकू ८.५ सेंटिमीटर पात्याचा असून फळे-भाजीसाठी पुरेसा आहे. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडताना अडकते, हे मुंबईकराने आधीच लक्षात घ्यावे.

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर नवे चाकू हातात घेऊन पाहता येतात. जुन्या चाकूंची आवड असणारे चोर बाजारात मटण स्ट्रीटवर फेरी मारतात. लाल मुठीवर पांढरा क्रॉस दिसला म्हणून तो स्विस चाकू ठरत नाही; पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव स्वच्छ कोरलेले आहे का, ते पाहावे आणि पावती मागून घ्यावी.

मग पाच मिनिटे शांतपणे द्यावीत. पाते दहा वेळा उघडून मिटावे. स्विस चाकूत उघडताना मुठीच्या पाठीतल्या कमानीचा (स्प्रिंगचा) खटका दर वेळी सारखा लागला पाहिजे. पूर्ण उघडल्यावर पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचितही खेळ जाणवला तर तो चाकू परत ठेवावा, कारण खिळीतला हा ढिलेपणा पुढे वाढतच जातो. चाकू मिटवून वरून पाहिला असता पाते दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मधोमध दिसावे. शेवटी चाकू उघडून धार वर करून दिव्याखाली धरावा आणि हळूच कलवावा. खऱ्या धारेला प्रकाश परावर्तित करण्याइतकी जाडीच नसते, त्यामुळे ती दिसत नाही. जिथे पांढरी बारीक रेघ किंवा ठिपका चमकेल, तिथे धार बोथट आहे किंवा तुटली आहे. ही परीक्षा एकदा जमली की अंगठ्याने धार चाचपण्याची घातक सवय आपोआप सुटते.

पहिले पंधरा दिवस

घरी आणल्यावर चाकू उघडून कोमट पाण्यात साबणाच्या एका थेंबाने धुवावा, म्हणजे कारखान्यातले तेल आणि धातूचा कीस निघून जातो. लाकडी मूठ असल्यास पाण्यात बुडवू नये, फक्त पाते धुवावे. सुती कापडाने पुसून, पंख्याखाली तासभर उघडाच ठेवावा आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडावा. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन यासाठी उत्तम, कारण त्याने चिकटा धरत नाही आणि फळ कापताना पोटात गेल्याची चिंता नसते. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घालू नये. काही आठवड्यांत त्याचा डिंकासारखा थर होतो आणि त्यात खिशातली धूळ बसते. शिलाई मशीनचे तेल बिजागरीला चालते, पण खाद्यपदार्थ कापणाऱ्या पात्याला लावू नये.

यानंतर चाकूला रोजचे काम द्यावे: पार्सलचे पुठ्ठे, सुतळी, सफरचंद, हंगामात हापूस आणि कैरी. पाते कार्बन पोलादाचे, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या पोलादाचे, असेल तर पहिली कैरी कापताना जरा थांबून पाहण्यासारखे असते. आंबट रस लागलेल्या भागावर दोन-तीन मिनिटांत करडी झाक चढते, तिच्या कडेला निळसर-जांभळी छटा उमटते आणि कैरीच्या फोडीलाही लोखंडाचा वास येतो. हा गंज नव्हे. हा काळसर थर पोलादाला पुढच्या तांबड्या गंजापासून थोडेफार वाचवतो, म्हणून तो घासून काढू नये. आठवड्याभरात रंग स्थिरावतो आणि वासही जातो.

तांबड्या गंजाची गोष्ट वेगळी. एका जुलैत राजमाचीहून परतल्यावर माझा कार्बन पोलादाचा चाकू ओल्या सॅकच्या कप्प्यात तसाच राहिला. चार दिवसांनी काढला तेव्हा पात्याच्या मुळाशी, नखाची खाच असते तिथे, नारिंगी ठिपके पडले होते. वरचा गंज तेल लावलेल्या कापडाने निघाला, पण खालचे बारीक खड्डे आजही बोटाला जाणवतात. स्टेनलेस असल्यावरही बेफिकीर राहू नये. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे स्टेनलेस पोलादावर ऑक्साइडचा अदृश्य संरक्षक पापुद्रा तयार होतो, परंतु समुद्राच्या हवेतील आणि घामातील क्षार तो पापुद्रा भेदतात. दादर-वरळीसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत हे अधिक जाणवते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात वापरानंतर लगेच पुसणे आणि आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवणे, एवढे नेमाने करावे.

धार लावून पाहणे

कारखान्याची धार ही कारखान्याची. आपण लावलेली धार किती टिकते, यावरून चाकूचे खरे पोलाद कळते. म्हणून पंधरा दिवसांच्या शेवटी निसण्यावर एकदा धार लावावी. नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड सहज मिळतो. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर छोटे पाते देऊ नये, कारण चाकाच्या उष्णतेने पातळ धारेचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरते आणि मग ती टिकत नाही.

प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन धरावा. हा कोन डोळ्यांनी ठरवणे नवख्याला अवघड जाते, त्यासाठी सोपा उपाय असा: पाते १५ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून ४ ते ५ मिलिमीटर वर हवी, आणि एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. सुरुवातीला नाणी टेकू म्हणून ठेवून हाताला कोन समजू द्यावा, मग ती काढून घ्यावीत. धारेच्या कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढावी. चार-पाच फेऱ्यांनंतर शाई अगदी टोकापर्यंत निघाली असेल तर कोन बरोबर. वरच्या बाजूचीच निघाली असेल तर पाठ अधिक उचलावी. एका बाजूला घासून दुसऱ्या बाजूला धातूची वळलेली बारीक कूस हाताला लागली, म्हणजे घासलेली बाजू झाली. मग पाते उलटावे. शेवटी बारीक दगडावर दाब कमी करत आलटून-पालटून फेऱ्या घ्याव्यात. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला की धार पुरेशी आहे.

सोबत्यांसमोर मांडताना

आता सांगण्यासारखे काहीतरी हाती असते. एका कार्डावर मिटलेली लांबी, पात्याची लांबी, पाठीची जाडी आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतलेले वजन लिहावे. त्याखाली काय-काय कापले, धार किती दिवसांनी बोथटली आणि कोणती उणीव आढळली, हे लिहावे. उणीव लपवू नये. दुसऱ्याची खरेदी अनेकदा त्या एका ओळीवर ठरते. छायाचित्र खिडकीजवळ, सकाळच्या मऊ उजेडात काढावे आणि आकार कळण्यासाठी शेजारी पट्टी किंवा २७ मिलिमीटर व्यासाचे दहा रुपयांचे नाणे ठेवावे.

प्रत्यक्ष भेटीत, कोणाच्या घरी चहाला जमल्यावर, टेबलावर जाड कापड अंथरावे आणि त्यावर सर्व चाकू मिटवून ठेवावेत. चाकू हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. नाहीतर भांडण होते म्हणतात. भांडणाचे माहीत नाही, पण या रीतीने आजवर आमच्या बैठकीत कोणाचे बोट कापलेले नाही, म्हणून ती मी आग्रहाने पाळतो. दुसऱ्याचा चाकू उघडण्यापूर्वी मालकाला विचारावे, पाते झटका देऊन उघडू नये, आणि घामाचे बोट पात्यावर टेकवू नये. घरात मुले असतील तर सगळे पाहून होईपर्यंत एका मोठ्या माणसाने टेबलापासून हलू नये.

घरी परतल्यावर चाकू पुन्हा पुसावा, तेलाचा पातळ हात फिरवावा आणि सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावा. चामड्याच्या म्यानात मात्र पावसाळाभर ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पाते आतल्या आत गंजते.