सायगॉनमध्ये नोकरी: दुर्मिळ दुचाक्या ओळखायच्या कशा आणि त्या गर्दीतून धड परतायचं कसं

हो ची मिन्ह सिटी हे व्हिएतनाममधल्या या शहराचं कागदावरचं नाव. तिथले लोक अजून सायगॉनच म्हणतात. शहरात सत्तर लाखांहून जास्त दुचाक्या आहेत. गाड्यांचं वेड घेऊन तिथे नोकरीला गेलेल्या माणसाची मान पहिल्या आठवड्यात सारखी वळते, आणि मान वळली की पुढचं चाक कुणाच्या तरी मडगार्डवर जातं. म्हणून गाड्या पाहायच्या त्या बसून, आणि चालवताना नजर फक्त समोर. ओळखायला शिकलात तर मात्र चालवतानाही फायदा होतो, कारण गाडी कोणती ते कळलं की चालवणारा पुढे काय करेल याचा निम्मा अंदाज येतो.

बसायची जागा म्हणजे चौकाच्या कोपऱ्यावरची फुटपाथवरची कॉफी आणि ढोपराएवढं प्लास्टिकचं स्टूल. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ उत्तम. ऊन चढलेलं नसतं, आणि मोठ्या इंजिनवाले रविवारी याच वेळी बाहेर पडतात. सिग्नलचे आकडे उलटे मोजत असतात, तेवढ्यात पुढची रांग निवांत न्याहाळता येते.

सुरुवात नंबरप्लेटपासून करा. पहिले दोन आकडे गावाचे: सायगॉनचे ४१ आणि ५० ते ५९, हनोईचे २९ ते ३३ आणि ४०. जुलै २०२५ मध्ये शेजारचे दोन प्रांत शहरात विलीन झाले, त्यामुळे ६१ आणि ७२ सुद्धा आता सायगॉनचेच. त्यानंतरचं अक्षर ए असेल, म्हणजे ५९-ए३ असं काही, तर इंजिन १७५ सीसीच्या वरचं. अशा गाड्यांची आयात सर्वसामान्यांना २००७ पर्यंत बंद होती, म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मोठी गाडी दिसली तर नीट बघा. लाल प्लेट सैन्याची, निळी सरकारी, पिवळी धंद्याची. पांढऱ्या प्लेटवर लाल एनजी असेल तर वकिलातीची गाडी. तिच्या जवळ घुटमळू नका.

आता गाड्या. होंडा सुपर कब १९५८ ची. दक्षिण व्हिएतनाममध्ये साठच्या दशकात होंडा इतक्या आल्या की कुठल्याही दुचाकीला होंडा म्हणायची सवय पडली, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तशी. तिथले लोक ज्या गाडीला नुसतं '६७' म्हणतात ती होंडाची एसएस ५०: लांबट टाकी, आडवं पडलेलं छोटं इंजिन, तरुण पोरांनी सायलेन्सर बदललेला. 'ड्रीम थाई' म्हणजे थायलंडहून आलेली १०० सीसीची होंडा ड्रीम. मूळ तपकिरी-जांभळट रंग आणि मूळ स्टिकर शाबूत असलेली ड्रीम आजही लोक जिवापाड जपतात. तिच्यावर बहुधा पन्नाशीपुढचे काका असतात आणि ते तीसच्या वर जात नाहीत. त्यांच्या मागे राहणं सगळ्यात सुरक्षित.

टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी गाडी, आधी कानाने ओळखायची. निळसर धूर आणि राजदूतसारखा ठणठणाट आला की मिन्स्क असण्याची शक्यता आहे. बेलारूसची १२५ सीसी, उत्तरेच्या डोंगराळ भागात जास्त. तिच्या पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ४० मिली टू-टी तेल लागतं. सिम्सन ५० सीसीची, पूर्व जर्मनीतली. ऐंशीच्या दशकात तिथे मजुरीला गेलेल्या व्हिएतनामी लोकांनी परतताना सोबत आणली. तिच्या नंतरच्या मॉडेलांना लिटरला २० मिली पुरतं. तेल विसरलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो आणि चाक जागीच लॉक होतं, तेही चालत्या गर्दीत. जुनी गाडी चालवायला घेतलीत तर टाकी भरताना तेल आधी ओता.

'सी-पो' म्हणजे सुझुकीची १२० सीसी टू-स्ट्रोक. दिसायला साध्या स्कूटरेटसारखी, पळायला वेडी. ती मागून ओरडत आली की बाजू द्या, बरोबरी करू नका. इटलीच्या आतेसा कारखान्यात बनलेली होंडा एसएच मात्र शांत असते. ती श्रीमंतीची खूण, आणि प्लेटवर एकच आकडा चार-पाच वेळा आला असेल तर त्या नंबरची किंमत वेगळी.

जुन्या वेस्पावर जीव जडला तर हात आखडता घ्या. व्हिएतनाममध्ये 'रिस्टोअर' केलेल्या अनेक वेस्पा दोन-तीन गाड्यांचे तुकडे जोडून बनवलेल्या असतात, आणि त्यात बजाजचे भागही निघतात. चेतक मुळात वेस्पा स्प्रिंटवरूनच आलेली, त्यामुळे पार्ट बसतो. पुण्याच्या माणसाला बजाजच्या आकुर्डीची वस्तू इटालियन म्हणून विकली जाण्यात गंमत आहे, पण पैसे तुमचे जातात. छोटा लोहचुंबक घेऊन जा. पत्र्यावर जिथे चिकटत नाही तिथे लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. गाडी आडवी करून पायाखालच्या पत्र्याची वेल्डिंग पाहा, ब्रेक पेडलच्या आसपास विशेष. चेसिस आणि इंजिन नंबर 'का वेत' म्हणजे नोंदणीच्या कागदाशी जुळले नाहीत तर तिथूनच परत फिरा. फक्त पार्ट पाहायचे असतील तर पूर्वीच्या जिल्हा पाचमधला तान थान्ह बाजार गाठा.

आता रस्ता. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. पण फुटपाथच्या कडेने उलट दिशेने येणारे नेहमीच असतात, म्हणून उजवीकडेही. गाड्यांच्या लोंढ्यात शिरताना एकाच संथ चालीने चालत राहायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही आणि काही झालं तरी मागे पाऊल टाकायचं नाही. दुचाकीवाला तुमच्या पुढच्या पावलाचा हिशोब करून आधीच वळलेला असतो. तुम्ही मागे सरलात की नेमके त्याच्या वाटेत येता. हे फक्त दुचाक्यांपुरतं. बस आणि मोटार असं वळत नाहीत, त्यांच्यासाठी थांबायचंच.

स्वतः चालवत असाल तर ज्याचं चाक पुढे त्याचा हक्क, हा तिथला अलिखित कायदा. मागचा तुम्हाला सांभाळेल, तुम्ही पुढच्याला सांभाळा. आरसा दिशा बदलण्याआधी. डावीकडे वळणारे चौकाच्या मधोमध न येता आधीच तिरपे कापत समोरच्या बाजूला शिरतात. सिग्नल हिरवा झाला तरी दोन सेकंद थांबून निघा. समोरच्याने दिवा मारला तर तो वाट देत नाही, 'मी येतोय' म्हणतोय. हॉर्नचाही अर्थ तोच, मात्र वस्तीत रात्री दहा ते पहाटे पाच हॉर्नला बंदी आहे. डोक्यापासून पायापर्यंत उन्हाचे कपडे घातलेल्या आणि होंडा लीड चालवणाऱ्या बायकांना तिथे गमतीने 'निंजा लीड' म्हणतात. डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळणं ही त्यांची ख्याती. विनोद म्हणून घ्या, पण अंतर ठेवा.

मे ते नोव्हेंबर पाऊस. पोंचो घ्या, पण त्याचं मागचं टोक सीटखाली दाबून बसा, नाहीतर मागच्या चाकात जातं. पुढे दिव्यासमोर पारदर्शक तुकडा असलेलाच घ्या. ऑक्टोबर-डिसेंबरात अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी रस्त्यावर येतं, पाऊस नसतानाही. पाणी सायलेन्सरच्या वर असेल तर शिरूच नका. शिरलातच तर ॲक्सिलरेटर सोडू नका, सोडला की पाणी आत ओढलं जातं. गाडी बंद पडली तर पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका. ढकलत 'सुआ से' अशी पाटी शोधा, तो प्लग काढून पुसून देतो. पंक्चरवाल्याची पाटी 'वा से'.

पार्किंगवाला चिठ्ठी देतो. ती हरवली तर नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय गाडी मिळत नाही, म्हणून चिठ्ठी गाडीत ठेवू नका. रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून नकाशा बघू नका. मागून येणारा तो उचलतो आणि क्षणात दिसेनासा होतो.

कागदपत्रांचं काम आधी करा. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतो. आरटीओतून मिळालेल्या पुस्तिकेवर कोणतं साल छापलंय ते निघण्यापूर्वी पाहा. १९४९ असेल तर तिच्यावर विसंबू नका. तीन महिने किंवा जास्त मुदतीचा व्हिसा वा निवासपत्र असेल तर भारतीय लायसन्सचं तिथल्या लायसन्समध्ये रूपांतर करता येतं. भारतीय लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलची नोंद हवी, नुसती कारची चालत नाही. वैध परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी दवाखान्याचं बिल नाकारू शकते. हेल्मेट डिसेंबर २००७ पासून सक्तीचं आहे, आणि दारूला मर्यादा शून्य: एक बिअरसुद्धा नाही. जानेवारी २०२५ पासून सिग्नल तोडण्याचा किंवा फुटपाथवरून गाडी नेण्याचा दंड दुचाकीला ४० ते ६० लाख डोंग आहे.