फाउंडेशनवाल्यांनो, ग्रँट देताना या चुका टाळा

मी सहा वर्षं एका छोट्या संस्थेत फंडरचे रिपोर्ट लिहायचे. मग नोकरी बदलली, एका फाउंडेशनमध्ये, म्हणजे अशा संस्थांना ग्रँट देणाऱ्यांकडे, लागले आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. पहिल्याच आठवड्यात शेअर्ड फोल्डर उघडला तर पंचवीसेक संस्थांचे रिपोर्ट ओळीने पडलेले, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच', आणि शेजारच्या एक्सेलमध्ये प्रत्येकापुढे एकच शब्द, 'मिळाला'. मिळाला म्हणजे पुढचा हप्ता सोडा. वाचला का, याला कॉलमच नव्हता. ज्या रिपोर्टांसाठी मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचे त्यांचंही कुठेतरी हेच होत असणार, हे तेव्हा डोक्यात आलं आणि हसावं की रडावं कळेना.

तर दोन्हीकडून बघितलेल्या चुका सांगते.

रिपोर्ट मागताय, पण कशासाठी?

आमच्या टेम्प्लेटमध्ये चाळीसेक प्रश्न होते. एक दिवस बसून प्रत्येकापुढे लिहिलं की याचं उत्तर आलं की आपण नेमकं काय वेगळं करणार. निम्म्याहून जास्त प्रश्नांना उत्तर एकच, "बोर्डाने एकदा विचारलं होतं". असे प्रश्न सरळ उडवा. आणि छोट्या ग्रँटला मोठ्या ग्रँटएवढाच रिपोर्ट मागू नका, त्यात निम्मी ग्रँट रिपोर्ट लिहिण्यातच जाते.

दुसरं म्हणजे प्रत्येक फंडरचा फॉरमॅट वेगळा. एकाला मुलांचे वयोगट ० ते ६ आणि ६ ते १४ असे हवेत, दुसऱ्याला ५ ते १०, तिसऱ्याचं आर्थिक वर्षच जानेवारीत सुरू होतं, म्हणजे तीच मुलं तीनदा मोजायची, आणि तीन ठिकाणी तीन आकडे आले की वर "तुमच्या डेटात फरक का?" असा मेल. संस्थेने दुसऱ्या कुणासाठी लिहिलेला रिपोर्ट आहे तसा घ्या ना. नाहीतर तासभर फोन करा आणि नोट्स तुम्ही काढा, त्यांना काढायला लावू नका.

"ॲडमिन खर्च दहा टक्क्यांच्या वर नको"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसता पहिला शब्द आला तरी चिडचिड होते. अकाउंटंट, ऑफिसचं भाडं, ऑडिट, सॉफ्टवेअर हे सगळं ॲडमिन. डेटा गोळा करून शीट भरणारी मुलगी पण ॲडमिन. म्हणजे तुम्हाला डेटा चोख पाहिजे पण तो भरणाऱ्या माणसाचा पगार द्यायचा नाही! मग संस्था काय करते? लपवते. आम्ही एक वीजबिल चार प्रोजेक्टमध्ये वाटायचो आणि कोऑर्डिनेटरचा अर्धा पगार 'ट्रेनिंग' या हेडखाली टाकायचो. पुढच्या वर्षी फंडर तोच कमी केलेला आकडा बघून म्हणायचा, बघा, एवढ्यात भागतंय की. असं वर्षानुवर्षं चाललं की संस्था आतून पोखरली जाते.

अमेरिकेत २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं की नुसत्या ओव्हरहेडच्या, म्हणजे याच ॲडमिन खर्चाच्या, टक्क्यावरून संस्था जोखू नका. हे सांगणारे कोण, तर संस्थांची माहिती आणि रेटिंग देणारेच लोक. आपण डॉक्टर निवडताना त्याच्या कंपाउंडरचा पगार किती टक्के ते विचारतो का? खरा खर्च विचारा, आणि तो सांगितला म्हणून प्रपोजल नाकारू नका, नाहीतर पुढच्या वेळी परत खोटाच आकडा येईल.

एक वर्षाची ग्रँट, पाच वर्षांच्या अपेक्षा

हिशोब बघा. करार एप्रिलचा, पैसे येतात जुलैत, माणूस सापडून कामाला लागेपर्यंत सप्टेंबर, आणि डिसेंबरात रिन्यूअलचं प्रपोजल लिहायला बसायचं, त्यात "आतापर्यंतचा इम्पॅक्ट" असा रकाना. काय लिहिणार? फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून बिल्ड नावाच्या कार्यक्रमात १०० कोटी डॉलर याच गोष्टीसाठी काढले, पाच वर्षांचा पैसा, बराचसा संस्थेला हवा तसा वापरता येणारा, आणि शिवाय संस्था म्हणून घडी बसवायला वेगळी मदत. अमेरिकेतली अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट तर २०२० पासून बऱ्याच संस्थांना एकरकमी मोठा पैसा देऊन कसा वापरायचा ते त्यांच्यावरच सोडते. सगळ्यांना एवढं जमणार नाही, कबूल. पण तीन वर्षांचं वचन आणि थांबणार असाल तर निदान एक वर्ष आधी सांगणं, एवढं छोट्या फाउंडेशनलाही जमतं.

आकडा मोठा म्हणजे काम झालं

इथे मात्र जरा थांबून बोलते, कारण मोजमाप या विषयात दोन्ही बाजूंनी घोळ आहे.

प्लेपंपची गोष्ट घ्या. दक्षिण आफ्रिकेकडच्या भागात मुलांनी गोल फिरायच्या चक्रावर खेळायचं आणि त्यातून पंप चालून टाकीत पाणी चढायचं, कल्पना दिसायला इतकी गोड की २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि केस फाउंडेशन वगैरेंनी मिळून १.६४ कोटी डॉलर जाहीर केले. किती पंप बसवले हा आकडा झकास दिसत होता. २००९ मध्ये गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशोब मांडला की ठरवलेल्या माणसांना पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल. दिवसाचे तास २४! काही ठिकाणी बायकाच ते जड चक्र ढकलत होत्या. पंप मोजले, पण पाणी कुणी भरतंय, कसं भरतंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. अमेरिकेत 'स्केअर्ड स्ट्रेट' म्हणून कार्यक्रम होते, वाया चाललेल्या पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवायचं. सगळ्यांना वाटायचं भारी काम आहे, पोरं सुधारतात. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट करून पाहिलं तर नेलेली पोरं न नेलेल्यांपेक्षा जास्तच गुन्ह्यांकडे वळलेली निघाली. नुसतं आधी आणि नंतर बघितलं की असं फसायला होतं. वर्षभरात पोरं एका वर्षाने मोठी होतातच, थोडंफार वाचायलाही शिकतातच, ते सगळं आपल्या खात्यावर कसं मांडणार?

आता हे वाचून लगेच प्रत्येक संस्थेकडे कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेर ठेवलेला गट, मागायला जाऊ नका. दोनशे माणसांबरोबर काम करणाऱ्या संस्थेला ते झेपत नाही आणि एवढ्याशा संख्येत ठाम उत्तर सहसा मिळतही नाही. गोवराची लस चालते हे परत सिद्ध करायची गरज नाही, डोस पोचला का आणि वेळेत पोचला का एवढं मोजा. पद्धत नवीन असेल, पुढे हजारो लोकांपर्यंत न्यायची असेल, तेव्हा मोठा अभ्यास करा आणि त्याचा खर्च वेगळा द्या, कामाच्या बजेटमधून कापून नको. बाकीच्यांना साधे प्रश्न पुरतात, पोचलं का, लोक परत आले का, त्यांच्यात काय बदललं. आणि बदल कोणता हवा ते ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनाही विचारा, ते सहसा राहूनच जातं.

एक धोक्याची सूचना. पुढचा हप्ता एखाद्या आकड्याला बांधला की तो आकडा हमखास फुगतो. ट्रेनिंगच्या रजिस्टरवर एकाच पेनाने, एकाच वळणाच्या तीस सह्या मी स्वतः बघितल्यात.

वाईट बातमी कधीच येत नाही

तुमच्याकडे सगळ्याच ग्रँटी, म्हणजे ग्रँट घेणाऱ्या संस्था, 'टार्गेट पूर्ण' कळवत असतील तर खूश होऊ नका, काहीतरी बिघडलंय. पैसे देणाऱ्याला खरं कोण सांगणार? सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपीसारखी त्रयस्थ संस्था ग्रँटींना नाव गुप्त ठेवून विचारते आणि ते फाउंडेशनला कळवते, तसं काहीतरी करा. आणि आधी स्वतःची चूक सांगा. केस फाउंडेशनने २०१० मध्ये प्लेपंप फसल्याचं स्वतः जाहीरपणे लिहिलं होतं.

आम्ही पण हे करून पाहिलं. एका संस्थेच्या डायरेक्टर ताईंना फोनवर आधीच सांगितलं की मागचा हप्ता आमच्यामुळे दोन महिने रखडला, चूक आमची, सॉरी. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू का मॅडम, आमचं दुसरं सेंटर चार महिने बंदच आहे, शिकवणारी सोडून गेली आणि तेवढ्या पगारात कोणी येत नाही." पगाराचा हेड आम्हीच कापला होता. बजेट बदलायला आम्हाला एक मेल पुरला. त्या चार महिन्यांत त्यांचे दोन रिपोर्ट आले होते, दोन्हींत सेंटर सुरू होतं, आणि आमच्या शीटमध्ये दोन्हींपुढे लिहिलेलं होतं, 'मिळाला'.