बिटकॉइन 'अनकन्फर्म्ड'वर अडकलं होतं, ते असं सुटलं

पुण्याहून भाच्यानं पाठवलेलं बिटकॉइन इथं निपाणीत वॉलेटमध्ये दिसायचं, पण 'अनकन्फर्म्ड', म्हणजे अजून पक्कं न झालेलं. ॲप काढून परत टाकलं, नेट बदललं. काही फरक नाही. डोकं उठलं नुसतं. व्यवहार फोनात नव्हे, मेमपूलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या पक्क्या न झालेल्या व्यवहारांच्या रांगेत, थांबलेला असतो. मायनर, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये (पक्क्या नोंदींच्या गठ्ठ्यात) घालणारे, जास्त फीवाले व्यवहार आधी उचलतात.

आधी ट्रान्झॅक्शन आयडी (व्यवहाराचा क्रमांक) एक्सप्लोररवर, म्हणजे व्यवहार शोधायच्या वेबसाइटवर, टाकला: फी २ सॅट प्रति व्हीबाइट, चालू दर १२. सॅट म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग, व्हीबाइट म्हणजे व्यवहाराचा आकार मोजायचं माप. भाच्याच्या वॉलेटात फी वाढवायची सोय नव्हती. मग संगणकावरच्या इलेक्ट्रम या वॉलेट ॲपमध्ये हिस्ट्री, त्या नोंदीवर राइट क्लिक, 'Child pays for parent': अडकलेलेच पैसे जास्त फी देऊन पुढे पाठवणारा नवा व्यवहार करायचा, म्हणजे मायनर त्या फीसाठी दोन्ही उचलतात. फी दोन्ही व्यवहारांची मिळून धरायची: जुना २०० व्हीबाइट, नवा ११०; ३१० × १२ = ३७२०, त्यातून आधीचे ४०० वजा, म्हणजे ३३२० सॅट. सही करून ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवर पाठवला. दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये गेले.