ऑनलाइन पुरुष-मासिकावरची विकिपीडिया नोंद अचूक ठेवताना

अशा नोंदीत सर्वांत आधी शिळी होते ती मालकी. उदाहरणार्थ, आस्कमेन हे ऑनलाइन पुरुष-मासिक १९९९मध्ये माँट्रियलला सुरू झालं, २००५मध्ये आयजीएन या माध्यम कंपनीकडे आणि २०१३मध्ये आयजीएनसह झिफ डेव्हिस या दुसऱ्या माध्यम कंपनीकडे गेलं. माहितीचौकट (नोंदीच्या बाजूची सारांशाची चौकट) बदललीत की प्रस्तावना आणि इतिहासाचा विभागही वाचून काढा. जुना मालक हमखास तिथेच राहून जातो. ‘सध्या’ लिहू नका, ‘२०१३पासून’ लिहा.

वाचकसंख्या मासिकाच्या जाहिरातदारांसाठीच्या पानावरून उचलू नका. स्वतंत्र बातमी शोधा, आकड्यासोबत महिना-वर्ष द्या. नाही मिळाली तर आकडा गाळा, हेच बरं.

संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुने दुवे मरतात, म्हणून संदर्भ देतानाच वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहावरची प्रत जोडा. मासिकाकडून पगार घेत असाल तर तसं जाहीर करून नोंद स्वतः न बदलता तिच्या चर्चापानावर संदर्भासह बदल सुचवा.