मे महिन्यातही बर्फ हटेना : अलास्कातल्या भाजीपाला उत्पादकांसाठी सल्ला

नेनाना गावाजवळ टनाना नदीच्या बर्फावर दर हिवाळ्यात एक लाकडी सांगाडा उभा करतात आणि बर्फ कधी फुटेल यावर लोक पैजा लावतात. या पैजेच्या नोंदी १९१७ पासूनच्या आहेत. २०१९ मध्ये बर्फ १४ एप्रिललाच फुटला; २०१३ मध्ये २० मे उजाडावा लागला. त्याच नदीवर, सहा वर्षांत, पाच आठवड्यांचा फरक! फेअरबँक्सला १ जूनला आणि अँकरेजला मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) सुमारास लावणी करायचा रिवाज सरासरी वर्षाला ठीक आहे. वसंत रेंगाळला की तारीख सोडा आणि मातीचा थर्मामीटर हातात घ्या. सकाळी, १० सेंटिमीटर खोल, सलग तीन-चार दिवस तापमान बघा.

अशा वर्षी उन्हाचा तुटवडा नसतो. मेच्या मध्याला फेअरबँक्सचा दिवस जवळपास १९ तासांचा असतो. तुटवडा असतो मातीतल्या उबेचा, म्हणून रोपांची घाई करण्यापेक्षा सगळी मेहनत माती तापवण्यावर लावा.

पांढरा बर्फ बहुतेक ऊन परतवून लावतो. वाफ्यांवरच्या बर्फावर कोरडी काळी माती किंवा कोळशाची पूड पातळ भुरभुरली की तो लवकर वितळतो. शेगडीतली राख सरसकट टाकू नका. ती मातीचा सामू वाढवते, आणि बटाट्याच्या वाफ्यात तसे झाले की खवल्या रोग बळावतो. लसूण आणि स्ट्रॉबेरीवरचा बर्फ मात्र मुळीच हलवू नका. त्यांच्यासाठी तो पांघरूण आहे. उघड्या पडलेल्या रोपांना मेमधली एखादी कडक रात्रसुद्धा मारते. तिथला बर्फ आपोआप गेल्यावरही गवताचे आच्छादन थोडे थोडे करून काढा.

बर्फ गेला म्हणून लगेच कुदळ मारू नका. वर चिखल आणि खाली अजून गोठलेला थर, त्यामुळे पाण्याला खाली वाट नसते. मटानुस्का आणि टनाना खोऱ्यांतली पोयट्याची बारीक माती ओलेपणी तुडवली, की तिची ढेकळे हंगामभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून बघा. गोळा बोटाने सहज फुटला तर वाफसा आला. चिकटून राहिला तर आणखी थांबा. गादीवाफे असतील तर हा काळ बराच कमी होतो, म्हणून थंड वर्षाचा अनुभव घेतलेल्या प्रत्येकाने शरद ऋतूतच ते करून ठेवावेत असे मला मनापासून वाटते.

वाफसा आला की प्लास्टिक पसरा. पारदर्शक प्लास्टिक काळ्यापेक्षा माती जास्त तापवते, कारण ऊन थेट मातीत उतरते. काळे स्वतः तापते आणि मातीला घट्ट चिकटलेले असेल तरच ती ऊब खाली देते. पारदर्शकाखाली तणही जोमाने येते, ते लावणीपूर्वी काढून घ्या.

माती ५ अंश सेल्सियसच्या पुढे गेली की वाटाणा, लेट्यूस पेरता येतात. बटाट्याला निदान ७ अंश हवेत. तोवर बियाणे उजेडात, थंड जागी ठेवून आखूड, जाड कोंब येऊ द्या. घेवडा आणि काकडीला १५ अंशांच्या आत घाई केली तर बी मातीतच कुजते.

खरी कोंडी घरात वाढवलेल्या रोपांची होते. बाहेर बर्फ, आणि खिडकीत ब्रोकोली-कोबी ट्रेमध्ये मुळे गुंडाळून बसलेली. अशी वयस्क रोपे थंडीत लावली तर ब्रोकोलीचा गड्डा बटणाएवढाच राहतो आणि कोबी गड्डा न धरता फुलावर जाऊ शकतो. म्हणून लावणी लांबणार असे दिसताच कोबीवर्गाची दुसरी पेरणी करा. जुन्या रोपांपेक्षा ही चार-पाच आठवड्यांची तरणी रोपे चांगली. टोमॅटो मात्र मोठ्या कुंडीत हलवून, खोडाचा खालचा भाग मातीत पुरून सांभाळता येतो. बाहेर नेण्याआधी रोपे आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ उघड्यावर ठेवून काटक करा. लावल्यावर पातळ कापडी आच्छादन घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते दोनेक अंशांचाच बचाव करते.

पॉलीहाऊस असेल तर वसंतातला ओला बर्फ छतावर साचू देऊ नका. तो हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फापेक्षा कितीतरी जड असतो. मऊ झाडूने, दोन्ही बाजूंनी सारखा उतरवा. एका बाजूलाच भार राहिला तर कमानी वाकतात.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना कांद्याविषयी आवर्जून सांगायचे आहे. नाशिककडचे वाण लहान दिवसांचे; इथल्या लांबलचक दिवसांत रोपावस्थेतच गाठ धरतात आणि कांदा गोटीएवढा राहतो. दीर्घ दिवसांचेच वाण घ्या, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरून तयार केलेल्या रोपांपासून. कोथिंबीरही इथे झपाट्याने फुलावर जाते, म्हणून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी टाका. वाण आणि माती परीक्षणाविषयी सल्ल्यासाठी अलास्का फेअरबँक्स विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा आहे.

जूनचा पहिला आठवडा उलटूनही माती थंडच असेल, तर मका आणि भोपळा यंदा सोडून द्या. फेअरबँक्सकडे ऑगस्टअखेरीस पहिले दव गोठू शकते, मग त्यांना पिकायला दिवसच उरत नाहीत. ती जागा सलगम, बीट, केल (कोबीवर्गातली पालेभाजी) आणि वाटाण्याला द्या, आणि कुंपण पक्के करा. मूस (इथली अवाढव्य हरणे) केल आणि कोबीवर हमखास येतात.